काम झाले का, ते मोजा : विद्यापीठांच्या गुणवत्ता कक्षांना खुले पत्र

प्रति,
कुलगुरू, गुणवत्ता कक्षांचे समन्वयक आणि संगणक विभागांचे प्रमुख,
सर्व विद्यापीठे व महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

सत्र संपत आले की तुमचा फॉर्म येतो. वायफाय, विद्यार्थी पोर्टल, ऑनलाइन वर्ग, ग्रंथालयाचे संकेतस्थळ, मदत कक्ष अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे ‘अत्यंत असमाधानी’पासून ‘अत्यंत समाधानी’पर्यंत पाच गोल. विद्यार्थी तो वर्गाबाहेर उभ्या उभ्या भरतात. बरेच जण सगळीकडे चौथ्या गोलावर बोट ठेवून मोकळे होतात, कारण फॉर्म भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. मग वार्षिक अहवालात एक सरासरी छापली जाते, ती मागच्या वर्षीच्या सरासरीशेजारी मांडली जाते, आणि तंत्रज्ञानाच्या आधारे दिल्या जाणाऱ्या सेवांची गुणवत्ता मोजून झाली असे धरले जाते.

मी शिकवतो. या सेवा रोज वापरतो आणि त्यांच्यापाशी अडलेले विद्यार्थी मला रोज भेटतात, म्हणून हे पत्र. तुम्ही जे मोजता ती बहुतांशी सेवा देणाऱ्याच्या बाजूची नोंद असते. घेणाऱ्याचे काम झाले की नाही, हे त्या नोंदीत कुठेच येत नाही.

एक प्रसंग जवळून पाहू. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख. एक विद्यार्थिनी शुल्क भरते. पैसे खात्यातून कापले जातात, पडद्यावर चक्र फिरत राहते आणि पोर्टल पुन्हा उघडल्यावर तिथे ‘शुल्क बाकी’ असे दिसते. ती मदत कक्षाकडे तक्रार नोंदवते. तासाभरात उत्तर येते की हा विषय लेखा विभागाचा आहे, कृपया तिथे संपर्क साधावा; आणि तक्रारीसमोर ‘निराकरण झाले’ असा शेरा पडतो. लेखा विभाग म्हणतो, आमच्याकडे रक्कम जमा दिसत नाही, बँकेचा उतारा आणा. उतारा हाती येईपर्यंत मुदत टळून जाते आणि पोर्टल अर्ज घेणे बंद करते.

आता याची नोंद तुमच्याकडे कशी होते ते बघा. सर्व्हर दिवसभर चालू होता, म्हणून उपलब्धता शंभर टक्के. पहिले उत्तर तासाभरात गेले, म्हणून तत्परता उत्तम. तक्रार त्याच दिवशी बंद झाली, म्हणून निवारणही उत्तम. तिन्ही आकडे खरे आहेत, कोणी काही खोटे लिहिलेले नाही. अर्ज तेवढा भरला गेला नाही.

असे प्रसंग थोडे असतात, असे उत्तर मला मिळालेले आहे. संख्येने ते थोडे असतीलही. पण ते घडतात कधी? अर्जाच्या शेवटच्या दिवशी, निकालाच्या सकाळी, ऑनलाइन परीक्षेच्या पहिल्या दहा मिनिटांत. सेवेची गरज सर्वांत तीव्र असते नेमक्या तेव्हाच. ९९ टक्के उपलब्धता ऐकायला भक्कम वाटते. वर्षाच्या ८,७६० तासांत तिचा अर्थ ८७ तासांहून अधिक बंद, म्हणजे साडेतीन दिवसांपेक्षा जास्त. ९९.९ टक्के म्हटले तरी पावणेनऊ तास उरतात. ते पावणेनऊ तास सुट्टीतल्या एखाद्या पहाटे गेले तर कुणाला कळणारही नाही, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी गेले तर एका अख्ख्या तुकडीचे वर्ष टांगणीला लागेल. वार्षिक टक्केवारीत हे दोन्ही सारखेच. म्हणून उपलब्धता मोजायचीच असेल तर गरजेच्या दिवसांची वेगळी मोजा. त्या दिवसांची यादी तुमच्या शैक्षणिक वेळापत्रकात आधीच छापलेली असते. देखभालीसाठी रात्री यंत्रणा बंद ठेवतानाही एकदा विचार व्हावा, कारण दिवसा नोकरी करून शिकणाऱ्यांचा अभ्यासाचा वेळ तोच असतो.

या विषयावर बाहेर पुष्कळ विचार झालेला आहे आणि त्याचा उपयोग करून घ्यायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. ए. परशुरामन, व्हॅलरी झाइथमल आणि लिओनार्ड बेरी या तीन संशोधकांनी १९८५ मध्ये एक साधी पण पुढे फार उपयोगी ठरलेली मांडणी केली: सेवेची गुणवत्ता म्हणजे अपेक्षा आणि अनुभव यांच्यातले अंतर. १९८८ मध्ये त्यांनी त्यावरून सर्व्हक्वाल नावाची २२ विधानांची प्रश्नावली तयार केली. दिसणाऱ्या सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, काम करणाऱ्यांबद्दल वाटणारी खात्री आणि माणसाकडे दिलेले व्यक्तिगत लक्ष असे तिचे पाच भाग. १९९२ मध्ये जोसेफ क्रोनिन आणि स्टीव्हन टेलर यांनी हरकत घेतली की अपेक्षा वेगळ्या विचारण्याची गरज नाही, फक्त अनुभव विचारला तरी पुरे. तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण विद्यापीठापुरते बोलायचे तर मला पहिली बाजू अधिक उपयोगाची वाटते. तिचे कारण ग्रंथालयांनी दाखवून दिले.

२००० मध्ये अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या साथीने लिबक्वाल ही पद्धत सुरू केली. तिच्यात प्रत्येक सेवेबद्दल एक ते नऊ या पट्टीवर तीन आकडे विचारतात: किमान किती हवे, मनाजोगते किती हवे आणि प्रत्यक्षात किती मिळते. हीच रीत पुढे टेकक्वाल प्लस या प्रश्नावलीने विद्यापीठांच्या तंत्रज्ञान सेवांना लावली: जोडणी, रोजच्या वापराच्या प्रणाली, मदत आणि प्रशिक्षण.

तीन आकड्यांनी काय फरक पडतो? समजा, वसतिगृहातल्या वायफायला विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष अनुभवाचे ७ गुण दिले आणि निकालाच्या पोर्टललाही ७ दिले. आजच्या अहवालात दोन्ही सेवा एका पातळीवर दिसतील. पण वायफायसाठी त्यांची किमान अपेक्षा ६ होती आणि निकालासाठी ८. म्हणजे वायफाय किमान रेषेच्या वर आहे आणि निकालाचे पोर्टल रेषेखाली. पैसा आणि माणसे आधी कुठे लावायची, याचे उत्तर या एका वजाबाकीत मिळते; समाधानाच्या सरासरीतून ते कितीही वेळा पाहिले तरी मिळत नाही.

या रीतीलाही एक मर्यादा आहे. वर्षानुवर्षे वाईट सेवा मिळाली की माणूस मागणेच कमी करतो. ज्या विभागात इंटरनेट कधीच धड चाललेले नाही, तिथले विद्यार्थी किमान अपेक्षा ३ लिहितील आणि अनुभव ४. वजाबाकी अधिक एक येईल आणि विभाग समाधानी ठरेल. जिथे सेवा चांगली आहे तिथले विद्यार्थी किमान ८ मागतील, ७ मिळाले म्हणून तक्रार करतील आणि ते असमाधानी ठरतील. अशा तुलनेवरून कुणाला शाबासकी आणि कुणाला नोटीस दिली तर तो अन्याय होईल. यावर उपाय एकच: लोकांच्या मताशेजारी यंत्राने मोजलेली वस्तुस्थिती ठेवायची. तिथे पान उघडायला किती सेकंद लागले, व्हिडिओ किती वेळा अडला, गृहपाठाची फाइल चढवताना किती प्रयत्न फसले. अपेक्षा खाली आणि मोजमापही खाली असेल, तर त्या विभागाकडे सर्वांत आधी जायला हवे, कारण तिथून तक्रार येणार नाही.

ग्राहक आणि विद्यार्थी यांच्यातला एक फरकही इथे महत्त्वाचा आहे. सर्व्हक्वाल घडवताना संशोधकांनी बँका, क्रेडिट कार्ड, उपकरणांची दुरुस्ती आणि दूरध्वनी अशा सेवा अभ्यासल्या होत्या. तिथल्या नाराज ग्राहकाला दुसरीकडे जाता येते. विद्यार्थ्याला परीक्षेचे पोर्टल बदलून घेता येत नाही. म्हणूनच ‘आमच्या प्रणालीवर इतके लाख लॉगिन झाले’ हा अहवालातला आवडता आकडा मला अजिबात पटत नाही. दुसरा रस्ताच नसेल तर माणसे त्याच रस्त्याने जाणार. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी मांडले होते की माणूस एखादे तंत्रज्ञान स्वीकारतो ते उपयुक्तता आणि वापरातली सोय या दोन गोष्टी पाहून. तिथे स्वीकारणे हा माणसाचा निर्णय गृहीत आहे. सक्तीच्या वापरात लॉगिनच्या संख्येवरून यातले काहीच ठरत नाही. उलट एकाच अर्जासाठी विद्यार्थ्याला सहा वेळा लॉगिन करावे लागले असेल तर वाढलेली संख्या प्रणालीच्या दोषाची साक्ष असते.

शिक्षकांचेही तसेच. ऑनलाइन वर्गप्रणालीवर कुणी किती फाइली चढवल्या हे मोजले जाते, म्हणून फाइली चढतात. त्यातल्या किती फाइली विद्यार्थ्यांनी उघडल्या, उघडल्यावर मोबाइलवर वाचता आल्या का, दिलेल्या कामावर शिक्षकाचा अभिप्राय किती दिवसांत पोहोचला, हे कुणी विचारत नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे सगळे शिक्षण घाईघाईने पडद्यावर गेले, तेव्हा जे हाताशी होते ते वापरणे भाग होते. त्या घाईत घेतलेली कितीतरी साधने आज कायमची होऊन बसली आहेत आणि त्यांची शांतपणे परीक्षा घेण्याचे राहून गेले आहे.

विल्यम डिलोन आणि एफ्राईम मॅक्लीन यांनी १९९२ मध्ये माहिती प्रणालीच्या यशाची जी चौकट मांडली, तिच्यात प्रणालीचा दर्जा आणि माहितीचा दर्जा वेगळे धरले होते. २००३ मध्ये त्यांनी त्यात सेवेचा दर्जा हा तिसरा भाग घातला. आपल्याकडे यातला माहितीचा दर्जा जवळजवळ कधीच मोजला जात नाही. संकेतस्थळ झटक्यात उघडते, पण मुख्य पानावर अर्जाची मुदत एक, सूचना फलकाच्या पानावर दुसरी आणि मोबाइलवर आलेल्या संदेशात तिसरी. विद्यार्थी मग या तिन्हीवरचा विश्वास सोडून कुणाच्या तरी ओळखीने कार्यालयात विचारायला जातो. सर्व्हरवर कितीही खर्च केला तरी हा दोष जाणार नाही, कारण तो सर्व्हरचा नाहीच. कोणते पान कुणी अद्ययावत ठेवायचे हे ठरलेले नसण्याचा आहे.

आता सरासरीबद्दल. मदत कक्षाकडे दहा तक्रारी आल्या. नऊ एकेका तासात सुटल्या, दहावी ९१ तासांनी. सरासरी निघते दहा तास. या दहा जणांपैकी एकालाही दहा तासांचा अनुभव आलेला नाही! नऊ जणांना तुम्ही उगाच वाईट सेवा दिल्याचे दाखवले आणि जो जवळपास चार दिवस ताटकळला त्याला झाकून टाकले. दर दहापैकी नऊ तक्रारी किती वेळात सुटल्या आणि उरलेल्या एकीचे काय झाले, हे दोन स्वतंत्र रकान्यांत लिहा. त्या दुसऱ्या रकान्यात नेहमी त्याच प्रकारची माणसे सापडतील: दोन विभागांच्या मधोमध अडकलेली, नावाच्या वेगवेगळ्या वर्णलेखनामुळे दोन नोंदी झालेली, मधल्या वर्षी विषय बदलून आलेली, दुसऱ्या विद्यापीठातून श्रेयांक घेऊन आलेली.

याच कारणासाठी २००५ सालच्या एका कामाकडे तुमचे लक्ष वेधतो. परशुरामन, झाइथमल आणि अरविंद मल्होत्रा यांनी संकेतस्थळांवरून मिळणाऱ्या सेवांसाठी ई-एस-क्वाल ही मोजपट्टी केली: कार्यक्षमता, दिलेला शब्द पाळणे, यंत्रणा उपलब्ध असणे आणि गोपनीयता. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. ज्यांना काही अडचण आली, फक्त त्यांच्यासाठी त्यांनी ई-रेक्स-क्वाल ही ११ प्रश्नांची वेगळी मोजपट्टी केली. अडचण आल्यावर दखल कशी घेतली, नुकसान भरून दिले का, आणि बोलायला माणूस मिळाला का, हे तिचे तीन भाग. ज्याचे सगळे सुरळीत झाले त्याला हे प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याने दिलेले गुण अडलेल्याच्या गुणांत मिसळले की अडलेला दिसेनासा होतो. सत्राअखेरीच्या आपल्या फॉर्ममध्ये नेमके हेच होते. मला वाटते, विद्यापीठांनी एकच बदल करायचा असेल तर हा करावा: अडलेल्यांना वेगळे विचारा आणि घटना ताजी असताना विचारा.

त्यातही जे फॉर्मपर्यंत पोहोचूच शकत नाहीत त्यांचे काय? इंटरनेटच्या तक्रारीचा दुवा इंटरनेटवरूनच जातो. ज्याच्या ईमेलचा परवलीचा शब्द हरवला आहे, त्याला सर्वेक्षण ईमेलवर जाते. शिक्षण मध्येच सोडलेल्या विद्यार्थ्याचे नाव यादीतून आधीच गेलेले असते, आणि त्याच्या सोडण्यात पोर्टलचा किती हात होता हे विचारायचे कुणाच्या मनात येत नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर घेऊन बसलेला विद्यार्थी लॉगिनच्या पानावर वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याच्या चित्रापाशी अडतो. ते चित्र आवाजात सांगायची सोय नसते. ते कुणाकडून भरून घेतले तर पुढे अभ्यासक्रम म्हणून चढवलेली पीडीएफ ही छापील पानांची छायाचित्रे निघतात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती कोरी पाने. बटणांना नावे नसतात, म्हणून ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू येते, आणि त्यातले ‘जतन करा’ कोणते व ‘रद्द करा’ कोणते हे अंदाजाने ठरवावे लागते. मिनिटभर हालचाल झाली नाही म्हणून पान आपोआप बाहेर काढते आणि पुन्हा त्या चित्रापाशी आणून सोडते. जागतिक पातळीवर यासाठीचे निकष कधीचे तयार आहेत. वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे सुगम्यतेचे निकष २००८ पासून दुसऱ्या आवृत्तीत आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची २.२ ही सुधारित आवृत्ती आली. तरीही वेबएम या संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख संकेतस्थळांची मुख्य पाने यंत्राने तपासली, तेव्हा ९५.९ टक्के पानांवर या निकषांचा भंग आढळला. तुमचे पान उरलेल्या चार टक्क्यांत आहे का, हे एका दुपारी तपासून होते. त्यापुढे जाऊन दोन-तीन दृष्टिहीन विद्यार्थ्यांना शेजारी बसवून, त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन, एक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरायला सांगा. त्या तासाभरात जे समजेल ते हजार जणांच्या सर्वेक्षणात समजणार नाही.

ही पद्धत इतरांसाठीही चालते. पाच-सहा विद्यार्थी, ठरावीक कामे आणि मध्ये न बोलता पाहणारा एक निरीक्षक. काम संपल्यावर जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची वापरसुलभतेची प्रश्नावली द्या. ती भरायला दोन-तीन मिनिटे लागतात, ती फुकट आहे, आणि शंभरपैकी सुमारे ६८ गुण म्हणजे साधारण सरासरी असा तिचा अनुभव जमा आहे. नवी प्रणाली विकत घेण्याआधी हे करता आले तर फारच बरे. निविदेत मेमरी आणि प्रोसेसरची अट असते. ‘नवख्या विद्यार्थ्याला मदतीशिवाय अर्ज पूर्ण करता आला पाहिजे’ ही अट का नसावी?

मदत कक्षातल्या कर्मचाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मीच त्यांच्याकडे विद्यार्थी पाठवतो, आणि जेवणाची सुट्टी सोडून काम निस्तरणारी माणसे तिथे मी पाहिली आहेत. पण त्यांचे मूल्यमापन ‘किती तक्रारी किती वेळात बंद केल्या’ यावर होत असेल तर ते तक्रारी बंदच करणार. मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते चांगले मोजमाप राहत नाही, हे मानववंशशास्त्रज्ञ मेरिलिन स्ट्रॅदर्न यांनी १९९७ मध्ये विद्यापीठांच्या मूल्यमापनाबद्दल लिहितानाच म्हटले होते. तक्रार बंद करण्याचा अधिकार तक्रार करणाऱ्याला द्या. तो काही दिवस बोललाच नाही तर तक्रार आपोआप बंद होऊ द्या, पण तिची नोंद ‘उत्तर नाही’ अशी होऊ द्या, ‘निराकरण’ अशी नको. पुन्हा उघडलेल्या तक्रारी वेगळ्या मोजा. आणि दोन विभागांच्या मध्ये जे काम पडते त्याला एक मालक नेमा. त्या विद्यार्थिनीच्या शुल्काचा शोध मदत कक्षाने घ्यायचा होता की लेखा विभागाने, हे तिने ठरवायचे नव्हते.

फॉर्मच्या गोपनीयतेचेही पाहा. ‘तुमची ओळख गुप्त राहील’ असे लिहिलेला फॉर्म विद्यार्थी क्रमांकाने लॉगिन केल्यावरच उघडत असेल तर त्या वाक्यावर कोण विश्वास ठेवेल? मुले चौथ्या गोलावर बोट ठेवतात त्याला घाईइतकीच भीतीही कारणीभूत असते, हे ती मला सांगतात.

तेव्हा माझी मागणी अशी. प्रवेश, शुल्क, परीक्षा अर्ज, गृहपाठ देणे, निकाल, प्रमाणपत्र एवढीच कामे घ्या. प्रत्येक काम किती जणांनी सुरू केले, किती जणांचे पहिल्या प्रयत्नात झाले, किती जणांना शेवटी खिडकीवर यावे लागले, हे दर सत्राला मोजा. ही सगळी माहिती तुमच्या प्रणालीत आजही साठत असते, ती फक्त काढून पाहायची आहे. ज्यांचे काम झाले नाही त्यांना आठवड्याच्या आत तीन प्रश्न विचारा. किमान, मनाजोगते आणि प्रत्यक्ष अशी तिहेरी प्रश्नावली दोन वर्षांतून एकदा पुरे. दर सत्राला तीस प्रश्न पाठवून मुलांना विटवू नका. आणि निघालेले आकडे, रेषेखालचे धरून, सगळ्यांना वाचता येतील असे संकेतस्थळावर ठेवा, त्या प्रत्येकापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि दुरुस्तीची तारीख लिहून.

पुढच्या सत्राचा फॉर्म पाठवाल तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर मागच्या फॉर्ममुळे कोणत्या गोष्टी बदलल्या ते लिहून पाठवा. तसे झाले तर मी माझ्या प्रत्येक वर्गात तासातली पंधरा मिनिटे काढून, विद्यार्थ्यांना वाचायला वेळ देऊन, तो भरून घेईन, आणि माझ्या सहकाऱ्यांनाही तसे करायला सांगेन.

आपला,
एक शिक्षक